आधी मुद्रितशोधन, मग प्रेस: पहिलं पुस्तक स्वतः काढणाऱ्यांचे प्रश्न

पहिलं पुस्तक स्वतःच्या खर्चाने काढताय किंवा काढायचा विचार आहे, अशा वाचकांनी प्रश्न पाठवा असं मागच्या अंकात म्हटलं होतं. पत्रं, मेल, व्हॉट्सॲप मिळून भरपूर आलं. सगळ्यांना वेगळं उत्तर देणं शक्य नाही म्हणून जे प्रश्न सारखे येतायत ते इथे घेतेय. मी माझं पहिलं पुस्तक असंच काढलं, पुढे ओळखीतल्या बऱ्याच जणांना मदत केली, त्यामुळे जे सांगतेय ते प्रेसमध्ये उभं राहून आणि हॉलच्या दाराशी टेबल मांडून शिकलेलं आहे.

ताई, आयुष्यभर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं. आठवणी लिहिल्यात, मुलाने टाइप करून दिल्या. प्रेसवाले म्हणतात हजार प्रती काढा, स्वस्त पडतील, कमी काढल्या तर परवडत नाही. किती काढू?
— निवृत्त शिक्षक, लातूर जिल्हा

सर, प्रेसवाले खोटं सांगत नाहीयेत. ऑफसेट छपाईला प्लेटा, म्हणजे पानांचे साचे, एकदाच करायच्या असतात, मशीन लावायचा खर्च शंभर प्रतींनाही तेवढाच आणि हजारालाही तेवढाच, म्हणून आकडा वाढला की एका प्रतीचा खर्च खाली येतो. पण उरलेल्या सहाशे-सातशे प्रतींचे पैसे तुमचेच अडकतात, गठ्ठे तुमच्याच घरात येतात, आणि पावसाळ्यात भिंतीला लागलेले खालचे गठ्ठे ओल धरतात, पानांना लाटा येतात, ती प्रत मग कुणाला देववत नाही.

तुम्ही एक वही घ्या आणि नावं लिहा, फक्त पैसे देऊन घेतील अशा माणसांची. माजी विद्यार्थ्यांचे बॅचवार ग्रुप असतीलच, केंद्रातले शिक्षक, पतसंस्थेतले सहकारी, ज्या ज्या गावात नोकरी झाली तिथलं वाचनालय, शाळा समितीवर असलेले लोक. "हा घेईलच" असं वाटलं तरच नाव टाका, उगाच यादी फुगवू नका. जेवढी नावं होतील त्याच्या दीडपट प्रती काढा, बास. आकडा दोनशे-अडीचशेच्या आत आला तर डिजिटलवर काढा, तिथे प्लेटा लागत नाहीत, एका प्रतीला पैसे थोडे जास्त पडतील पण संपल्या की अजून पन्नास काढता येतात. आणि आपल्याकडे प्रकाशनपूर्व सवलतीची चांगली जुनी पद्धत आहे ती वापराच, म्हणजे छापायच्या आधी महिनाभर ग्रुपवर मुखपृष्ठ टाकायचं, सवलतीची किंमत सांगायची, पैसे आगाऊ घ्यायचे. किती जण "वा सर, छान" म्हणतात आणि किती जण पैसे पाठवतात हे तेव्हाच कळतं, प्रतींचा आकडा त्यावरून ठरवा.

ऑफसेटला जाणार असाल तर पानांचा हिशोब फर्म्यात करा. एक फर्मा म्हणजे १६ पानं. १६० पानांचे बरोबर दहा फर्मे होतात, १६४ झाली तर चार पानांसाठी वेगळी प्लेट, वेगळं मशीन. चार पानं कुठेतरी कमी करता येतातच, नाहीतर मग फोटो घालून अकरावा फर्मा भरा.

सह्याद्रीतल्या भटकंतीवर पुस्तक लिहिलंय. अर्धं लिखाण जुन्या फॉन्टमध्ये होतं, ते युनिकोडमध्ये (आता सगळीकडे चालणाऱ्या टायपिंगमध्ये) बदलून घेतलं तर शब्द बिघडलेत. डीटीपीवाले (संगणकावर पानं लावून देणारे) म्हणतात फाइंड-रिप्लेस मारतो, सगळं सरळ होईल. मुद्रितशोधकाला, म्हणजे प्रूफं तपासणाऱ्याला, वेगळे पैसे देणं खरंच गरजेचं आहे का? बजेट टाइट आहे.
— नाशिक

हो, गरजेचं आहे, आणि बजेट टाइट असेल तर दुसरं काहीही कापा, हे कापू नका.

आता तुमच्याच पुस्तकात काय होणार ते बघा. जुन्या फॉन्टातून युनिकोडमध्ये येताना सगळ्यात जास्त मार बसतो तो अर्ध्या 'र'ला. दुसऱ्या, वाऱ्यावर, पायऱ्या, दऱ्या. यातला र आडव्या रेघेचा, तो टाइप करायच्या दोन पद्धती आहेत, त्यातल्या एकीत मध्ये एक न दिसणारी खूण असते, आणि कन्व्हर्टरमधून किंवा इकडून तिकडे कॉपी-पेस्ट करताना ती खूण गळून पडते. ती गळली की आडवा र जाऊन डोक्यावर रफार येतो, म्हणजे दऱ्याखोऱ्यांतून फिरणारा तुमचा ट्रेकर दर्यात पोचला, पायर्‍यांच्या जागी 'पायर्या' आणि दुसऱ्याच्या जागी 'दुसर्या'. बरं, तुमचे डीटीपीवाले म्हणतात तसं सरसकट रिप्लेस मारलं तर सूर्याचं काय होईल? कार्याला, धैर्याने, आचार्यांनी, यात रफारच बरोबर आहे, तिथे आडवा र घातला तर आचार्यांचे आचारी होतील. म्हणजे मशीनला हे कळत नाही, माणसानेच एकेक जागा बघायला हवी. स्पेलचेकही कामाचा नाही, कारण दर्या हाही शब्द बरोबर आणि दऱ्या हाही बरोबर.

हे झालं एका अक्षराचं. त्याशिवाय 'ॲ' एका पानावर एक दिसतो आणि दुसऱ्या पानावर अ वर चंद्र ठेवलेला, अवतरणचिन्हं कुठे सरळ कुठे वळणदार, एका परिच्छेदात 'केलं' आणि पुढच्यात 'केले', गावाचं नाव तीन प्रकरणांत तीन तऱ्हेने. 'केलं' लिहा की 'केले' लिहा, दोन्ही चालतं, पण निवेदनात एक काहीतरी ठरवा आणि शेवटपर्यंत तेच ठेवा. लेखकाला हे दिसत नाही, कारण तो वाचत नसतो, त्याला पाठ असतं. मी माझ्या पुस्तकाच्या वेळी एका निवृत्त मुद्रितशोधकांबरोबर बसले होते, ते मजकूर मोठ्याने वाचायला लावायचे आणि स्वतः प्रूफवर बोट ठेवून एकेक अक्षर बघायचे, स्वल्पविराम आला की तोही "स्वल्प" असा म्हणायचा. तासाला मोजकीच पानं होतात. पण त्या वाचनात जे सापडलं ते स्क्रीनवर कुणालाही सापडलं नव्हतं, त्यामुळे माझं स्पष्ट मत आहे की शेवटचं प्रूफ कागदावर आणि दोघांनी मिळूनच वाचावं.

आणखी दोन गोष्टी. डीटीपी कशात करतात ते आधी विचारा. आपल्याकडे अजून पेजमेकरवर काम करणारे आहेत, ते सॉफ्टवेअर युनिकोड देवनागरी घेत नाही, म्हणजे तुमची युनिकोड फाइल ते परत जुन्या फॉन्टात नेणार आणि सगळी पडझड पुन्हा होणार. इनडिझाइन या सॉफ्टवेअरवर काम करणारा माणूस शोधा, त्यात युनिकोड चालतं. दुसरं म्हणजे प्रूफ वाचताना आतल्या मजकुरावर सगळे डोळे लावतात आणि शीर्षकपान, अनुक्रमणिकेतले पानांचे आकडे, मलपृष्ठ, कणा (कपाटात पुस्तक उभं ठेवल्यावर दिसते ती पट्टी) हे तसंच राहतं. कण्याची जाडी पानं आणि कागद दोन्ही ठरल्याशिवाय निघत नाही, तेव्हा मुखपृष्ठ फायनल करायची घाई नको, आणि सगळ्या प्रती छापायच्या आधी एक पूर्ण बांधलेली प्रत हातात मागाच. ती उघडून बघा, आतल्या बाजूचा समास बाइंडिंगमध्ये खाल्ला जातोय का, ओळींची सुरुवात वाचायला पुस्तक फाकवावं लागतंय का.

कोकणातल्या पारंपरिक पदार्थांवर पुस्तक करायचंय. ऑनलाइन जाहिरात बघून एका कंपनीला फोन केला, त्यांनी पॅकेज सांगितलं, सगळं तेच करणार, जगभर विक्री, रॉयल्टी शंभर टक्के. करार इंग्रजीत आहे, सही करायला घाई करतायत. काय बघू?
— चिपळूण

ताई, पहिली गोष्ट म्हणजे घाई करतायत तर तुम्ही सावकाश करा. ऑफर आज रात्रीपर्यंतच आहे वगैरे म्हणतात, ती पुढच्या महिन्यातही असते.

पॅकेज घेणं वाईट आहे असं मी म्हणणार नाही. घर, नोकरी सांभाळून प्रेसच्या चकरा ज्यांना जमत नाहीत त्यांच्यासाठी ती सोय आहे, आणि नीट काम करणारे लोकही आहेत. पण करार घरातल्या किंवा ओळखीतल्या वकिलाला दाखवा आणि स्वतः पेन घेऊन पुढच्या गोष्टी शोधा.

हक्क कुणाकडे राहतात? तुम्ही पैसे देताय, तर कॉपीराइट तुमचाच राहिला पाहिजे आणि त्यांना फक्त ठरावीक मुदतीसाठी छापायचा-विकायचा परवाना मिळाला पाहिजे. करारात कॉपीराइट 'असाइन' करते, म्हणजे त्यांच्या नावे करून देते, असं वाक्य दिसलं तर थांबा. आपला १९५७ चा कॉपीराइट कायदा यात लेखकाला बरंच सांभाळून घेतो. कलम १९ प्रमाणे हक्क द्यायचे तर ते लेखी आणि सही करूनच देता येतात, मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारतापुरता धरतात, आणि हक्क घेणाऱ्याने वर्षभरात ते वापरलेच नाहीत तर, करारात वेगळं काही लिहिलेलं नसेल तर, ते संपतात. मात्र मुदत, प्रदेश आणि वापराचं हे सगळं करारात त्याबद्दल काही लिहिलेलं नसेल तेव्हाचं. "कायमस्वरूपी, जगभर, सर्व माध्यमांत" असं लिहिलेलं असेल आणि खाली तुमची सही असेल तर कायदा तरी काय करणार?

मग शंभर टक्के रॉयल्टी म्हणजे कशाच्या शंभर टक्के? छापील किमतीच्या नाही. छपाई, दुकानाचं किंवा वेबसाइटचं कमिशन, त्यांचं स्वतःचं शुल्क, हे सगळं गेल्यावर जे उरतं त्याच्या शंभर टक्के. २५० च्या पुस्तकावर नक्की किती रुपये हातात येणार, तो आकडा मेलवर लिहून मागा. तुम्हाला स्वतःच्या प्रती किती रुपयांना मिळणार तेही विचारा, कारण खरी विक्री तुमच्याच हातून होणार आहे. "जगभर विक्री"चा अर्थ बहुतेक वेळा वेबसाइटवर एक पान असणं इतकाच असतो, ते पान लोकांपर्यंत तुम्हीच पोचवायचं असतं.

आणि फाइली. हे कुणी विचारत नाही. छपाईची पीडीएफ आणि त्याबरोबर ओपन फाइल, म्हणजे जिच्यात पुढे दुरुस्त्या करता येतात ती इनडिझाइनची फाइल आणि मुखपृष्ठाची मूळ फाइल, या सगळ्या तुमच्या ताब्यात मिळतील असं करारातच लिहून घ्या. माझ्या पुस्तकाचं डीटीपी जिथे केलं होतं त्यांनी दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी ओपन फाइलसाठी जवळजवळ पहिल्याइतकेच पैसे मागितले, शेवटी दुसरीकडे सगळं नव्याने मांडून घ्यावं लागलं. तुमच्या पुस्तकात तर फोटो असणार, मापं असणार, एका पदार्थात चुकून चमच्याच्या जागी वाटी छापलं गेलं तर पुढच्या खेपेला दुरुस्त करता यायलाच हवं.

फोटो शक्यतो स्वतः काढा किंवा काढून घ्या, नेटवरून उचलू नका. मोबाइलवरचे चालतात, फक्त मूळ फाइल द्या, व्हॉट्सॲपवरून आलेली देऊ नका, ती दाबलेली असते आणि छपाईत फुटते.

किंमत किती ठेवू? वितरक ४५ टक्के मागतोय, हे फार नाही का?
— सोलापूर

नेहमीचंच आहे. त्यातले बरेचसे पुढे दुकानदाराला जातात, वाहतूक, परत आलेल्या प्रती हेही तो बघतो. पण तुमचं गणित त्यावर बसतं का ते बघा. समजा ३०० प्रती काढल्या, छपाई-बाइंडिंग प्रतीला ९० रुपये पडलं, आणि डीटीपी, मुद्रितशोधन, मुखपृष्ठ मिळून २४ हजार गेले, म्हणजे प्रतीमागे ८०. तुमची प्रत १७० ला पडली. छापील किंमत २५० ठेवली तर वितरकाकडून १३७ रुपये ५० पैसे येतील, प्रत्येक प्रतीला ३२ रुपये ५० पैसे तुमच्या खिशातून गेले. तीच प्रत २० टक्के सवलतीत स्वतः विकली तर २०० येतात, ३० सुटतात. किंमत ३२० केली तर वितरकाकडूनही १७६ येतात, निदान खड्डा पडत नाही.

बरेच जण छपाईच्या बिलावरच किंमत काढतात आणि आधीचा खर्च धरतच नाहीत, मग आवृत्ती संपूनही पैसे का उरले नाहीत हे कळत नाही. आधीचा सगळा खर्च धरूनच किंमत लावा. वितरकाला सगळ्या प्रती देऊ नका, थोड्या द्या, पावती घ्या, हिशोब किती महिन्यांनी आणि परत आलेल्या प्रतींचं काय ते लिहून घ्या. अप्पा बळवंत चौकातल्या दुकानात पुस्तक दिसलं की बरं वाटतंच, मलाही वाटलं होतं, पण पहिल्या पुस्तकाचे पैसे तिथून येत नाहीत.

ग्रंथालयांचा मार्ग मात्र सोडू नका. राज्यात शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालयं हजारोंनी आहेत, अ, ब, क, ड अशा वर्गांत, आणि त्यांची बरीचशी खरेदी अनुदान हातात आल्यावर होते. आपल्या तालुक्यातल्या ग्रंथपालांना प्रत्यक्ष भेटा, पुस्तक दाखवा, आणि जिल्ह्याच्या ग्रंथोत्सवात स्टॉलवर कुणाबरोबर तरी जागा मिळते का बघा.

आयएसबीएन लागतोच का? एजंट पाच हजार सांगतोय.
— म्हापसा, गोवा

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, आपल्याकडे फुकट मिळतो. दिल्लीची राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सी देते, केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाखाली, ऑनलाइन अर्ज करायचा, लेखक स्वतः प्रकाशक असेल तर तशी सोय तिथे आहे. वेळ लागू शकतो, तेव्हा प्रूफं चालू असतानाच अर्ज टाका. नंबर स्वतःच्या नावावर घ्या, दुसऱ्याच्या नावावर घेतला तर नोंदीत प्रकाशक म्हणून तेच दिसतात. छापील आणि ई-बुक यांना वेगवेगळा नंबर. कॉपीराइट नोंदणी सक्तीची नाही, लिहिलं तेव्हापासून हक्क तुमचाच.

एक मात्र बहुतेक जण विसरतात, १९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रकाशकाने पुस्तक आल्यावर ३० दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला एक प्रत आणि मुंबई, चेन्नई, दिल्ली इथल्या ठरलेल्या ग्रंथालयांना एकेक प्रत स्वखर्चाने पाठवायची असते. तुम्ही स्वतः काढताय म्हणजे प्रकाशक तुम्हीच. चार प्रतींचा प्रश्न आहे, पाठवा. तुमचं पुस्तक कुठल्याच दुकानात मिळेनासं झालं तरी तिथे ते सापडेल, मला तरी ही फार मोठी गोष्ट वाटते.

ताई, मी २२ वर्षांची आहे, कवितासंग्रह काढायचाय. बाबा म्हणतात कर्ज काढून देतो, मोठा कार्यक्रम करू.
— नांदेड

बाळा, बाबांना माझा नमस्कार सांग आणि कर्ज काढू देऊ नकोस. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकासाठी अनुदान योजना आहे, आधी तिथे पाठव. ती हस्तलिखितासाठी असते, म्हणजे छापायच्या आधी अर्ज करायचा, छापून झाल्यावर उपयोग नाही. मंडळाच्या वेबसाइटवर लक्ष ठेव. दरम्यान कविता मासिकांना, दिवाळी अंकांना पाठवत राहा, तिथून जे साभार परत येईल त्याकडे पुन्हा बघ, संग्रहाची निवड त्यातून चांगली होते. आणि राज्य शासनाच्या वाङ्मय पुरस्कारांत पहिल्या काव्यसंग्रहासाठी बहिणाबाई चौधरींच्या नावाचा वेगळा पुरस्कार आहे, प्रवेशिका आदल्या वर्षात आलेल्या पुस्तकांच्या घेतात, तेव्हा पुस्तकात प्रकाशनाचा महिना आणि वर्ष नीट छापलेलं असू दे.

कार्यक्रम कर ना, पण कॉलेजच्या हॉलमध्ये नाहीतर वाचनालयात. शाल-श्रीफळ, फ्लेक्स, जेवण यात जे पैसे जातात त्यात तुझा अर्धा संग्रह छापून होतो. दाराशी टेबल ठेव, वर यूपीआयचा क्यूआर मोठा प्रिंट करून लाव, सुट्टे पैसे ठेव, आणि टेबलावर घरातलं कुणीतरी असं बसव जे कार्यक्रम सोडून तिथून हलणार नाही. लोक घेतात ते आत शिरताना आणि भाषणं संपल्या संपल्या, नेमकं तेव्हाच सगळे फोटोसाठी स्टेजवर असतात.

माझे निम्मे वाचक परदेशात आहेत, त्यांच्यापर्यंत कसं पोचवू?
— पुणे

ई-बुक करा. ॲमेझॉनच्या केडीपीवर, म्हणजे लेखकाने स्वतः पुस्तक प्रकाशित करायच्या त्यांच्या सेवेवर, मराठी ई-बुक टाकता येतं, पैसे भरावे लागत नाहीत. रॉयल्टी ३५ किंवा ७० टक्के, भारतातल्या विक्रीवर ७० हवी असेल तर त्यांच्या सिलेक्ट योजनेत जावं लागतं, ती ९० दिवसांची असते, आणि तेवढ्या काळात ई-बुक दुसरीकडे कुठेही ठेवता येत नाही. मोबाइलवर आडवा र आणि जोडाक्षरं नीट दिसतायत का ते स्वतः उघडून बघा.

पोस्टाचा खर्च पुस्तकाच्या किमतीच्या तोडीस तोड येतोय. आणि नातेवाईक, मित्र सगळेच "एक प्रत भेट दे ना" म्हणतात. नाही कसं म्हणायचं?
— कोल्हापूर

कुरिअर सोडा, पोस्टात ज्ञान पोस्टबद्दल विचारा. मे २०२५ मध्ये ही सेवा सुरू झाली तेव्हा ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि ५ किलोपर्यंत १०० रुपये असा दर होता, कर वेगळा. सामाजिक, सांस्कृतिक, शैक्षणिक, धार्मिक छापील पुस्तकांसाठी आहे, पुस्तकावर प्रकाशकाचं किंवा मुद्रकाचं नाव हवं. १६० पानांचं डेमी (साधारण साडेपाच बाय साडेआठ इंचांचं) पुस्तक सत्तर जीएसएम (चौरस मीटरला सत्तर ग्रॅम) कागदावर २०० ग्रॅमच्या आसपास भरतं, पॅकिंग धरून ३०० च्या आत बसतं, म्हणून कागद निवडतानाच वजन काढून घ्या.

भेटीचं म्हणाल तर आधीच यादी करा, ज्यांनी पुस्तकाला खरोखर मदत केली ते, अभिप्रायासाठी वर्तमानपत्रांना प्रत्येकी दोन प्रती, बास. बाकीच्यांना "किंमत इतकी आहे, तुला सही करून देते" असं हसून सांगायचं, यात संकोच वाटायचं काही कारण नाही, साडी किंवा मिठाईचं दुकान काढलं असतं तर कुणी फुकट मागितलं नसतं. आणि नात्यातलं जे कुणी पहिल्यांदा पैसे देऊन घेईल त्यांचा पुस्तक हातात धरलेला फोटो, त्यांना विचारून, घरच्या ग्रुपवर टाका, बाकीचे आपोआप विचारायला लागतात.